घटाची माती, किल्ल्याची माती

२०२५ मधली घटस्थापना २२ सप्टेंबरला, सोमवारी होती. आदल्या रविवारी, म्हणजे सर्वपित्री अमावस्येला, सांगली जिल्ह्यातून आलेल्या माझ्या सासूबाईंनी आपल्या सामानातून एक जाड प्लास्टिकची पिशवी काढून स्वयंपाकघराच्या ओट्याशी ठेवली. तिच्यात त्यांच्या शेतातली काळी माती होती. पुण्यात नवरात्राच्या आधी घट, परडी, सप्तधान्य आणि मातीसुद्धा विकत मिळते, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही घरच्या घटाला घरच्या रानातली माती असावी, हा त्यांचा आग्रह असतो. ती पिशवी पाहून मी त्या दिवशी एक गोष्ट ठरवली. थोरली साडेसहा वर्षांची आणि धाकटा तीन वर्षांचा झाला होता. आजवर दोघांना नवे कपडे घालून देवापुढे नमस्काराला उभे केले, की त्यांचा सणातला वाटा संपत असे. या वर्षी घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतच्या प्रत्येक सणात दोघांच्या हातांना खरे काम द्यायचे, ते काम त्यांच्या गतीने होऊ द्यायचे, आणि जे त्यांना झेपणार नाही ते निःसंकोचपणे गाळायचे, असे मी मनाशी पक्के केले.

सुरुवात मातीपासूनच झाली. वर्तमानपत्रावर माती पसरून मुलांना ढेकळे फोडायला बसवले. काळी माती वाळली की दगडासारखी घट्ट होते, आणि ती बोटांनी फुटत नाही हे लक्षात आल्यावर थोरलीने वरवंटा मागितला, तर धाकट्याने लाटण्यावर समाधान मानले. पिठाची जुनी चाळणी घेऊन ती माती चाळताना दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. चाळणीत वर राहिलेल्या कचऱ्यातून थोरलीला तुरीची एक वाळकी शेंग आणि गोगलगायीचा पांढरा शंख सापडला, आणि ही माती कुठल्यातरी खऱ्या जागेची आहे हे तिला त्या शंखामुळे जितके कळले तितके माझ्या सांगण्याने कळले नसते. त्यानंतर आजींनी सात वाट्यांत ज्वारी, गहू, मका, मूग, मटकी, हरभरा आणि जव काढून ठेवले. धाकट्याला डोळे मिटून बोटांनी धान्य ओळखायला सांगितले. मका आणि हरभरा त्याने बरोबर ओळखले, मूग आणि मटकीत तो गोंधळला, आणि मला वाटते की त्यात पुष्कळ मोठी माणसेही गोंधळतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडीत पत्रावळ घालून तिच्यावर मातीचा एक थर, मग धान्य, मग पुन्हा मातीचा पातळ थर आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, अशी मांडणी झाली. धान्य पेरण्याचे काम सर्वस्वी मुलांचे होते. घट कच्च्या भाजणीचा असल्यामुळे त्यातले पाणी हळूहळू झिरपते आणि भोवतालच्या मातीला ओल मिळत राहते, त्यामुळे वरून शिंपडायचे पाणी अगदी बेताचे असते, हे आजींनी दोघांना समजावून सांगितले. नंदादीपाला मात्र आम्ही काचेची उंच चिमणी बसवली, कारण तीन वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर नऊ दिवस उघडी वात तेवत ठेवणे मला मान्य नव्हते, आणि आजींनीही त्याला हरकत घेतली नाही. यंदा एक तिथी वाढल्यामुळे नवरात्र नऊऐवजी दहा दिवसांचे होते. थोरलीने दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजले, दहा भरल्यावर ते पुन्हा मोजले, आणि माळाही दहा लागणार का, हा प्रश्न सर्वांत आधी तिलाच पडला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवघरात आंबूस वास येऊ लागला. परडीखालचे वर्तमानपत्र भिजून लगदा झाले होते, कडेच्या मातीवर पांढरी बुरशी धरली होती, आणि फुगलेले हरभरे बोटाने दाबले तर सालातून निसटत होते. धाकटा येता-जाता आपल्या दूध पिण्याच्या पेल्याने घटाला पाणी घालत होता. घटाला तहान लागते असे कोणीतरी त्याला सांगितले होते, आणि त्याने ते मनावर घेतले होते. मी रागावण्याच्या बेतात होते, परंतु त्याचा चेहरा पाहून थांबले. मातीतून काही उगवत नाही हे त्यालाही दिसत होते, आणि उगवत नाही म्हणूनच तो आणखी पाणी घालत होता.

खरा प्रश्न पुढचा होता. एकदा बसवलेला घट उठेपर्यंत हलवायचा नाही, हा आमच्या घरातला कडक नेम आहे, आणि धान्य तर कुजले होते. मी आजींच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी चहाचा चमचा मागवला, पाटावर बसून घटाला स्पर्श न करता कडेकडेची ओली माती आणि कुजलेले दाणे अलगद काढून घेतले, पिशवीत उरलेली कोरडी माती त्या जागी भरली आणि दोन्ही नातवंडांच्या ओंजळीत पुन्हा धान्य दिले. ‘‘रानात पाऊस जास्त झाला तर दुबार पेरणी करावीच लागते,’’ एवढेच त्या बोलल्या. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतेच्या शेते वाहून गेली होती, खरवडलेल्या जमिनींच्या बातम्या रोज येत होत्या, आणि आजींचा आवाज त्या वाक्यापाशी थोडा जड झाला होता. धाकट्याला त्यांनी एक चमचा नेमून दिला. रोज सकाळी पूजेच्या वेळी एकच चमचा पाणी, तेही त्याच्याच हाताने. पाण्याला हात लावायचा नाही असे सांगितले असते तर त्याने ऐकले नसते, असे मला आजही वाटते. काम काढून न घेता त्याचे माप बांधून दिले, म्हणून ते टिकले.

त्याच दिवशी थोरलीने एका रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात तीच माती आणि तेच धान्य पेरून तो डबा खिडकीत ठेवला. हा तिचा स्वतःचा प्रयोग होता, मी फक्त डब्याला तळाशी भोके पाडून दिली. आठवड्याभरात दोन्हींकडचे अंकुर वर आले आणि दोन्ही वेगळे दिसू लागले. देवघरातले धान उंच, नाजूक आणि फिकट पिवळे होते, तर खिडकीतले बुटके, जाड आणि हिरवेगार होते. देवघरात उजेड कमी, म्हणून रोप उजेडाच्या शोधात भराभर उंच जाते, पण पानांना हिरवेपणा देणारे द्रव्य तयार व्हायला प्रकाश हवा असतो आणि तो मिळत नसल्यामुळे रंग पिवळा राहतो, हे मी तिला सांगितले. त्यावर तिने विचारले, ‘‘म्हणजे घटातलं धान उजेड शोधतंय का?’’ मी होय म्हटले. दुसऱ्या दिवशीपासून ती शाळेत जाताना देवघराची खिडकी उघडी ठेवून जाऊ लागली.

घटाचे धान वाढत होते त्याच दिवसांत सूर्य हस्त नक्षत्रात गेला आणि आमच्या सोसायटीत भोंडला ठरला. या खेळाची तीन नावे आमच्या एकाच घरात नांदतात. पुण्यात आणि कोकणात भोंडला म्हणतात, आजींच्या सांगली-कोल्हापूरकडे हादगा म्हणतात, आणि मी जळगावची, त्यामुळे माझ्या लहानपणी ती भुलाबाई होती. भुलाबाईची तऱ्हाही निराळी. भुलोबा, भुलाबाई आणि गणपती यांच्या मातीच्या मूर्ती भाद्रपदातल्या पौर्णिमेला बसतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत फिरतात. हादग्याला पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा, पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी सोळा दिवस चढती भाजणी असायची. आता सोळा दिवस कोणालाच जमत नाहीत. आमच्याकडे तीन संध्याकाळी ठरल्या होत्या, आणि लहान मुलांच्या दृष्टीने तेवढ्या पुरेशा आहेत, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या संध्याकाळी हत्तीच्या पावसाने नावाप्रमाणे हजेरी लावली आणि पाट अंगणातून वाहनतळात आणावा लागला. पाटावरचा हत्ती थोरलीने तांदळांनी भरला. त्याची सोंड पाटावर मावली नाही, म्हणून ती तिने खाली फरशीवर उतरवली आणि पुढे तिथेच एक फूल काढले. आधीच्या पिढीत हा खेळ फक्त मुलींचा होता. आमच्या सोसायटीत मात्र मुलगेही फेर धरतात आणि मला ते मनापासून आवडते, कारण सासरमाहेरच्या, कारल्याच्या वेलाच्या आणि रुसलेल्या सुनेच्या त्या गाण्यांत घरातल्या बायकांची जी सुखदुःखे आहेत ती मुलग्यांच्याही कानांवर पडली पाहिजेत. धाकट्याला शब्द येत नव्हते. तो प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर तेवढे मोठ्याने म्हणत होता आणि फेराच्या दिशेच्या उलट जात होता. शेजारच्या काकूंनी त्याला आपल्या पुढ्यात घेऊन त्याचे दोन्ही हात धरले, तेव्हा त्याला फेराची दिशा सापडली.

लहान मुलांना भोंडल्यात सर्वांत जास्त काय धरून ठेवत असेल, तर ती खिरापत ओळखण्याची वेळ. आमची पाळी दुसऱ्या दिवशी होती आणि काय करायचे हे थोरलीने ठरवायचे होते. सगळे जण लाडू, वड्या, शंकरपाळ्या असेच काहीतरी म्हणणार, तेव्हा कोणाला सुचणारच नाही असे हवे, हा तिचा विचार होता, आणि त्यातून तिने मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा निवडल्या. त्या दिवसांत मंडईत नव्या शेंगा येऊ लागलेल्या असतात. शेंगा धुण्याचे काम दोघांनी मिळून केले आणि तीन पाणी बदलल्यावरही माती निघतच राहिली. संध्याकाळी झाकलेला डबा हलवून दाखवला तर आतून ठोकळ, ओलसर आवाज येई, आणि गोड की तिखट या प्रश्नाला थोरली ‘‘दोन्ही नाही’’ असे उत्तर देई. सगळी मुले आणि त्यांच्या आया मिळून बराच वेळ थकल्या. शेवटी धाकट्यालाच ते गुपित सहन झाले नाही आणि ‘‘शेंगा!’’ असे तो ओरडला. थोरली रडकुंडीला आली, पण तेवढ्यात सगळी मुले डब्यावर झुकली होती आणि तिला वाटप करायचे होते.

दसऱ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण २ ऑक्टोबरचा तो दिवस पाहुण्यांच्या गर्दीत गेला. घट उठला, त्यातले पिवळे धान आजींनी कात्रीने कापले, मुलांच्या बाबांनी ते आपल्या टोपीत खोवले आणि धाकट्याने ते आपल्या कानामागे अडकवून घेतले. पाटीवर एक-एकचे आकडे जोडून सरस्वती काढण्याची रीत थोरलीला फार आवडली. पहिलीत नुकतेच शिकलेले आकडे देवीच्या अंगावर बसतात, याचे तिला नवल वाटले. सोन्याच्या बाबतीत आम्ही एक पथ्य पाळले. बाजारात आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. दोघांचीही पाने जोडपाने असल्यासारखी दिसतात, पण आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, तर कांचनाचे मोठे आणि पातळ असते. एका दिवसासाठी झाडे ओरबाडली जाऊ नयेत असे मला फार वाटते. म्हणून आम्ही ओळखीच्या झाडाची मोजकी पाने आणली, घरटी एकच पान दिले, आणि पान देण्याआधी ते आपट्याचेच आहे हे तपासण्याची जबाबदारी थोरलीवर सोपवली. तिने दोन वडीलधाऱ्यांनी दिलेली पाने कांचनाची म्हणून ओळखली, पण नमस्कार करून घेतली.

कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. मध्यरात्रीच्या चंद्राखाली जागरण करण्याचा हट्ट मी सोडून दिला. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे आठच्या आत गच्चीवर केशर, वेलदोडा आणि चारोळी घातलेल्या आटीव दुधात चांदणे पाडून मुलांना वेळेवर झोपवता आले. त्या दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळण्याची, म्हणजे आश्विनीची रीत असते. थोरलीला पाटावर बसवून औक्षण केले तेव्हा धाकटा पडद्यामागे जाऊन उभा राहिला. आजींनी त्याला हाक मारली आणि ताम्हण धरायला दिले. ताईला ओवाळणारा हात आपला आहे, एवढ्यावर त्याची समजूत पटली.

घट उठल्यावर परडीतली माती दरवर्षी तुळशीत टाकली जाते. या वर्षी थोरलीने ती मागून घेतली. ‘‘किल्ल्याला लागेल,’’ असे ती म्हणाली. आजींनी क्षणभर विचार केला, मूठभर माती तुळशीला घातली आणि उरलेली तिच्या स्वाधीन केली.

दिवाळीचा किल्ला हा माझ्या लहानपणाचा भाग नव्हता. तो मी पुण्यात येऊन पाहिला. किल्ल्यावर माझ्याइतकाच मुलांचाही तो पहिलाच हात होता. १२ ऑक्टोबरच्या रविवारी सोसायटीच्या कुंपणालगतची एक जागा ठरली आणि कोणता किल्ला यावर घरात चर्चा झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला होता, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि १ तमिळनाडूतला जिंजी. शाळेत त्या किल्ल्यांची चित्रे लावलेली होती. थोरलीने राजगड निवडला, आणि लहान मुलांसाठी याहून सोयीचा किल्ला नाही, असे मी आता अनुभवाने म्हणू शकते. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना फाकलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, असा त्याचा आकार तीन वर्षांच्या मुलालाही हाताच्या बोटांनी दाखवता येतो. धाकटा आपला तळहात जमिनीवर टेकवून, बोटे फाकवून ‘‘हा राजगड’’ असे सांगत असे.

जुन्या विटा, फुटक्या कुंड्या आणि दगड रचून सांगाडा उभा केला. त्यावर गोणपाट घालायचे, पण कोरडे नाही. आधी ते पातळ चिखलात बुचकळून काढायचे, म्हणजे ते दगडांना चिकटून बसते आणि सुरकुत्या पडतील तिथे आपोआप कडे आणि घळी तयार होतात. हे तंत्र सोसायटीतल्या दहावीतल्या एका मुलाने शिकवले. पहिल्या प्रयत्नात आमचा चिखल फारच पातळ झाला आणि सुवेळा माचीवरचे गोणपाट माती घेऊन खाली घसरले. चाळलेली घटाची माती आम्ही नंतर त्या चिखलात मिसळली, तेव्हा तो चिवट झाला आणि टिकला. काळ्या मातीला असा चिकटपणा असतो, हे ढेकळे फोडताना ज्यांनी अनुभवले होते त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेले एक मोठे भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. सुईच्या नाकाला असतो तोच शब्द. थोरलीला ते नेढे हवेच होते. नळाच्या पाइपचा वीतभर तुकडा दोन दगडांमध्ये अडकवून त्यावर चिखल लिंपला, आणि ते वाळल्यावर धाकटा पोटावर आडवा होऊन त्यातून पलीकडे पाहत बसला. पलीकडे कोणी ना कोणी बसलेले असावे आणि त्याने आतून डोळा दाखवावा, अशी त्याची अपेक्षा असे. मी त्या दोन दिवसांत जितका वेळ त्या पाइपच्या दुसऱ्या टोकाला बसले असेन, तितका वेळ दुसऱ्या कोणत्याही कामाला दिला नसेल.

संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे, एका तटाच्या आत दुसरा तट. थोरलीने ती काड्यापेटीएवढ्या चिखलाच्या विटा करून रचायला घेतली होती. तिची भिंत वाकडी जात होती आणि दोन ठिकाणी पोट सुटले होते. रात्री मुले झोपल्यावर त्यांचे बाबा खाली गेले, आणि प्रेमापोटीच, त्यांनी ती भिंत थापीने सरळ करून ठेवली. सकाळी थोरली खाली गेली आणि तशीच परत आली. ‘‘ती माझी भिंत नाही,’’ असे म्हणून ती खोलीत जाऊन बसली. तिला काय झाले हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा तिचे बाबा तिच्याजवळ जाऊन बसले, चुकले असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि दोघांनी मिळून तो सरळ तट पाडला. तिने दुसऱ्यांदा रचलेला तटही वाकडाच झाला. मुलांबरोबर काही करताना आपण किती सहजपणे त्यांचे काम आपलेसे करून टाकतो, याचा धसका त्या सकाळी मी घेतला, आणि त्यानंतर किल्ल्याला हात लावण्यापूर्वी मी विचारत गेले.

गवतासाठी अळीव पेरायचे होते. अळीव भिजले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गर धरतो, त्यामुळे ते उतारावरही चिकटून राहतात आणि घरंगळत नाहीत. नेमके म्हणूनच ते बोटांनाही चिकटतात. धाकट्याने मूठभर भिजलेले अळीव हातात घेतले आणि ते सुटेनात, तेव्हा त्याने सरळ तळहातच बालेकिल्ल्यावर थापला. पाणी घालायला त्याच्या हातात फवाऱ्याची बाटली दिली होती. घटाच्या वेळचा अनुभव त्याच्या लक्षात होता की नाही, ते सांगता येत नाही, पण प्रत्येक माचीला एक-एक फवारा मारून तो बाटली खाली ठेवत असे. तिसऱ्या दिवशी हिरवी लव दिसू लागली. बालेकिल्ल्यावर ती एका लहान हाताच्या पंजाच्या आकारात उगवली होती.

मावळे, तोफा, पद्मावती तळ्यासाठी आरसा, सगळे वसुबारसेपर्यंत जागेवर बसले. महाराजांची मूर्ती सिंहासनावर बसलेली होती, आणि १६७४ मधला राज्याभिषेक रायगडावर झाला, त्यामुळे राजगडावर सिंहासन कसे, अशी शंका दहावीतल्या मुलाने काढली. राजगड ही रायगडाच्या आधीची राजधानी होती, तेव्हा महाराज तिथे बसतही असतीलच, असे थोरलीने त्याला ऐकवले, आणि मूर्ती बालेकिल्ल्यावरच राहिली. नरक चतुर्दशीला, २० तारखेला, दोघांना उटणे लावून पहाटे अभ्यंगस्नान घातले आणि ओल्या केसांनीच ती पणती घेऊन खाली किल्ल्यापाशी गेली. फटाके आम्ही आणले नाहीत. चकल्या थोरलीने सोऱ्याने पाडल्या आणि त्यांतल्या पुष्कळ तुटल्या, तरी सर्वांत आधी त्याच संपल्या. फराळाचे बाकीचे सगळे नेहमीसारखेच झाले.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा, असे ठरले होते. भाऊबिजेनंतर तीन-चार दिवसांनी, अळीव पिवळे पडू लागले असताना, थोरली धावत वर आली आणि मला हाताला धरून खाली घेऊन गेली. पद्मावती माचीवर, आरशाच्या तळ्याच्या काठाशी, अळिवापेक्षा वेगळे, जाड दांड्याचे एक रोप वर आले होते. त्याची पाने तिने लगेच ओळखली, कारण श्रीखंडाच्या डब्यात ती तिने रोज पाहिली होती. ती मटकी होती. घटाच्या मातीत राहिलेला तो दाणा दोन पेरण्या, कुजलेले पाणी आणि किल्ल्याचा चिखल यांतून तसाच पार पडला होता. आजी वाकून ते रोप पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘गणंग असणार. त्याला भिजायलाच इतके दिवस लागले.’’ स्वयंपाकात कितीही शिजवला तरी न शिजणारा दाणा आपण उसळीतून काढून टाकतो, तोच हा. काही दाण्यांचे साल इतके कठीण असते की पाणी आत शिरायला आठवडेच्या आठवडे जातात, आणि म्हणूनच कुजणाऱ्या ओलीतून तो एकटा वाचला.

२ नोव्हेंबरला तुळशीचे लग्न लागले आणि त्यानंतर किल्ला उतरवला. मावळे कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी खोक्यात गेले, विटा कुंपणाशी रचल्या गेल्या, गोणपाट धुऊन वाळत घातले. मातीचा एक मोठा गोळा थोरलीने मुळांसकट उचलून कुंडीत बसवला आणि कुंडी सज्जात, ऊन येते त्या जागी ठेवली. थंडीत मटकी हळू वाढते. मार्गशीर्षापर्यंत तिला जेमतेम चार-पाच पाने आली होती. पाण्याची पाळी धाकट्याची आहे. रोज सकाळी तो देवघरातला तोच चमचा मागून घेतो, एक चमचा पाणी घालतो आणि चमचा परत जागेवर ठेवून येतो.